पावसाळ्यासाठी कार्बन की स्टेनलेस?
कास-बामणोलीच्या पावसात ओपिनेल या फ्रेंच कंपनीचा कार्बन स्टीलच्या पात्याचा, लाकडी मुठीचा घडीचा चाकू चालेल का, असं एकाने विचारलंय. त्यातलाच आयनॉक्स, म्हणजे स्टेनलेस पात्याचा, घ्या. कार्बनला धार पटकन लागते हे खरं, पण ओलं पातं रात्रभर मिटून ठेवलं की सकाळी तांबूस ठिपके हजर. गंज एकवेळ घासून निघतो. खरी कटकट मुठीची. बीचचं लाकूड पाणी पिऊन फुगतं, पातं मिटून बसतं ती खाच आवळते आणि पातं उघडतच नाही. जोर लावू नका, बोट जाईल. सावलीत पूर्ण वाळू द्या, पॉलिश पेपरची घडी खाचेच्या आतल्या बाजूंना हलकी फिरवा, मग जवसाचं तेल चोळा. बिजागरीला शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब पुरे. चाकूऐवजी मल्टिटूल (पक्कड, चाकू वगैरे एकाच अवजारात) घेणार असाल तर आधी पक्कड बघा: टोकं एकमेकांवर नीट बसत नसतील तर बारीक तार निसटणारच.