कॉमिक्स आणि फोटोंवर सह्या घ्यायच्यात: पेन, जागा, रांग याबद्दल विचारायचंय

शंकासूर

मंडळी, दोन दिवसांच्या फॅन कन्व्हेन्शनची तयारी चालू आहे. सह्यांसाठी न्यायचा माल असा: चकचकीत कव्हरची तीन कॉमिक्स (त्यातल्या एकाचं कव्हर जवळपास पूर्ण काळं), मॅट कव्हरचं एक, कोऱ्या स्केच कव्हरचं एक (चित्रकाराकडून चित्र काढून घ्यायला पांढरं ठेवलेलं), दोन अभिनेत्यांसाठी ८×१० इंची फोटो आणि फंको पॉप बाहुलीचा एक खोका.

अडलंय ते असं. साधा शार्पी (पक्क्या शाईचा मार्कर) सगळ्याला चालतो का, की पेंट पेन घ्यावं? एकाच कव्हरवर लेखक आणि चित्रकार दोघांची सही हवी असेल तर जागा कशी राखायची? चकचकीतपैकी एक कॉमिक ग्रेडिंगला (अवस्था तपासून गुण देतात आणि प्लास्टिकच्या केसमध्ये बंद करतात) पाठवायचा विचार आहे, तर सही आधी की ग्रेडिंग आधी? सहीसोबत स्वतःचं नाव लिहून घेतल्याने किंमत पडते म्हणतात, ते कितपत खरं? आणि अभिनेत्यांच्या रांगेचं गणित कोणीतरी नीट समजावून सांगा.

शाईचा डाग

पेनापासून सुरू करतो, कारण निम्म्या सह्या तिथेच बिघडतात.

चकचकीत, फिकट रंगाचं कव्हर: काळा किंवा निळा शार्पी, फाइन टोकाचा. शाई अल्कोहोलची असल्याने लेपाच्या कागदावर पटकन सुकते आणि रेघ स्वच्छ येते. अल्ट्रा फाइन टोक टाळा. रेघ केसासारखी येते आणि हातभर अंतरावरून सही दिसतही नाही.

काळं कव्हर: चंदेरी किंवा पांढरं पेंट पेन, तेलाच्या रंगाचं. शार्पीचं ऑइल बेस्ड मिळतं, डेकोकलरही चालतं. यात रंगाचे कण तळाशी बसलेले असतात, म्हणून टोपण लावूनच अर्धा मिनिट जोरात हलवायचं. आतली गोळी खडखडली पाहिजे. मग टोपण काढून टोक रद्दी कागदावर दाबायचं, रंग उतरला की चार-पाच रेघा ओढायच्या आणि धार एकसारखी झाली की लगेच पेन पुढे करायचं. टोक कॉमिकच्या वर धरून कधीही दाबू नका. पेन बॅगेत तापलेलं असेल तर आत दाब साठतो आणि पहिल्या दाबाला सहीऐवजी थेंब पडतो. तो थेंब कव्हरवर पडला की पुढे काही करता येत नाही. पुसायला गेलात तर खालची छपाईही निघते.

बॉलपेन कोणाच्याही हातात देऊ नका. त्याचा दाब कव्हरवर चर पाडतो आणि तो चर मागच्या पानांपर्यंत जातो.

फोटोला निळा शार्पी. गडद केस आणि उजळ चेहरा दोन्हींवर निळा वाचता येतो आणि ही सही छापील नाही हेही लांबून कळतं. फोटो अगदीच काळोखा असेल तर चंदेरी.

फंकोच्या खोक्यावर सही पुठ्ठ्यावर घ्यायची की पारदर्शक खिडकीवर, ते आधी ठरवा. खिडकीवर शार्पी घासला की निघतो, तिथे तेलाचं पेंट पेनच. तेही नखाने खरवडलं तर पापुद्रा निघतो, म्हणून सुकल्यावर खोका कडक प्रोटेक्टरमध्ये.

प्रत्येक पेनाचे दोन नग न्या. रांगेत तुमचा नंबर आल्यावर पेन कोरडं निघालं की टेबलावरचं जे असेल ते हाती येतं.

चौकटीबाहेर

वरच्या प्रतिसादाला एक दुरुस्ती. मॅट कव्हर राहून गेलंय आणि तेच सगळ्यात त्रासदायक. मॅट लेपावर शार्पीची रेघ कडेने किंचित फुटते आणि शाई आत मुरते, त्यामुळे काळी सही राखाडी दिसते. मॅटवर गडद भागात पेंट पेन आणि फिकट भागात पिगमेंट शाईचं पेन बरं. शिवाय मॅट काळ्यावर बोटांचे ठसे उठतात आणि त्या तेलकट जागेवर रंग तुटतो. सहीच्या जागेवरून कोरडं मायक्रोफायबर कापड हलकेच एकदा फिरवा, तेवढं पुरे. खोडरबराने चमक मारायचा सल्ला वाचलात तर तो खेळाडूंच्या कार्डांसाठी आहे. कॉमिकवर केलात तर कव्हरवर घासल्याचा पट्टा दिसेल.

आता जागा. कोरी पिशवी घ्या, आत बॅकिंग बोर्ड, म्हणजे पाठीशी ठेवायचा ताठ पुठ्ठा, घाला (सध्याच्या आकाराच्या कॉमिकला पावणेसात बाय साडेदहा इंचाचा बोर्ड लागतो). पिशवी कॉमिकवर ठेवून सही कुठे हवी ते बाहेरून खुणेने आखा. मग कॉमिक बाजूला ठेवून तेवढा चौकोन धारदार ब्लेडने कापा. कॉमिक आत असताना ब्लेड चालवणारे महाभाग असतात, म्हणून मुद्दाम लिहिलं. आता कॉमिक आत सरकवलं की कव्हरचा फक्त तो चौकोन उघडा राहतो. सही करणाऱ्याला बोलून सांगावं लागत नाही, बाकीच्या कव्हरला हातही लागत नाही.

खिडकी सढळ ठेवा, साधारण अडीच बाय चार इंच. छोटी कापली की सहीचं शेवटचं वळण प्लास्टिकवर जातं आणि पिशवी काढली की सही शेपूट तुटलेली. दोन सह्या हव्यात तर दोन पिशव्या, दोन वेगळ्या खिडक्या. पहिली सही पूर्ण सुकल्यावर पिशवी बदला. ज्याची सही मोठी आणि ऐसपैस असते त्याच्याकडे आधी जाऊ नका. आधी आवरती सही घ्या, मग उरलेल्या जागेत मोठी बसवा. उलट केलंत तर दुसऱ्याला कोपऱ्यात कोंबावं लागतं, आणि बहुतेकदा तो कोपऱ्यात करतच नाही, सरळ पहिल्या सहीवरून ओढतो.

पिशवीतून कॉमिक काढताना झाकणाची चिकटपट्टी आधी पूर्ण काढा. ती कव्हरला लागून ओढली गेली तर रंगाचा पापुद्राच घेऊन येते.

शाईचा डाग

मॅटबद्दल मान्य, ते लिहायला हवं होतं. त्याला जोडून सुकण्याचं सांगतो. चकचकीतवर शार्पीला पाचेक मिनिटं. पेंट पेन वरून सुकल्यासारखं दिसतं, पण आत मऊ असतं. पंधरा-वीस मिनिटं उघडं धरा आणि दुसऱ्या दिवसापर्यंत त्यावर काही दाबून ठेवू नका. लगेच पिशवीत घातलंत तर सहीचा आरसा पिशवीच्या आतल्या बाजूला उमटतो आणि कव्हरवर उरते ती अर्धी. वाट बघायला जागा नसेल तर खिडकीवाली पिशवी इथेही कामी येते. सही हवेला उघडी राहते आणि कॉमिक मात्र झाकलेलं.

पिवळं लेबल

ग्रेडिंगचं उत्तर लांबलचक आहे, पण यात चूक केली की ती परत सुधारत नाही, म्हणून सगळंच लिहितो.

सही आधी, ग्रेडिंग नंतर. केसमध्ये बंद झालेल्या कॉमिकवर सही घेता येत नाही, घेतलीत तर ती प्लास्टिकवर. केस फोडली की आधीचा ग्रेडही गेला.

पण सही *कोणासमोर* घेतली यावर लेबलचा रंग ठरतो. सीजीसी या ग्रेडिंग कंपनीच्या सिग्नेचर सीरिजचं पिवळं लेबल मिळायला त्यांचा अधिकृत साक्षीदार सही होताना तिथे हजर हवा. तुम्ही काढलेला सहीचा फोटो, व्हिडिओ, तिकिटाची पावती, यातलं काहीही साक्षीदाराची जागा घेत नाही. सही झाली की कॉमिक साक्षीदार ताब्यात घेतो, तुमच्या हातात परत येत नाही. म्हणजे त्याच कव्हरवर दोन सह्या हव्यात तर दोन्हींना साक्षीदार पाहिजे, आणि दोघांच्या वेळा त्याच्याशी आधी बोलून जुळवायला लागतात. आयत्या वेळी त्यांच्या स्टॉलवर जाऊन उभं राहिलात तर साक्षीदार दुसऱ्याच रांगेत अडकलेला असतो.

साक्षीदाराविना घेतलेल्या सहीसाठी सीबीसीएस या दुसऱ्या ग्रेडिंग कंपनीकडे नमुन्यांशी ताडून पडताळण्याचा पर्याय आहे. पण ते शेवटी तज्ज्ञाचं मत. समोर झालेल्या सहीइतका वजनदार पुरावा तो नाही.

आणखी दोन गोष्टी. प्रेसिंग (दाबून सुरकुत्या काढणं) करायचं असेल तर सहीच्या आधी. उष्णता आणि दाबाखाली ताज्या पेंट पेनचं काय होईल याची हमी कोणी देत नाही. दुसरं, बरेच चित्रकार ग्रेडिंगला जाणाऱ्या प्रतीसाठी वेगळा, जास्त दर लावतात. टेबलावर पाटी असते, ती वाचा. लपवून साधी सही म्हणून घ्यायला जाऊ नका. साक्षीदार शेजारी उभा असतो, कळतंच.

ग्रेड ०.५ ते १०.० असा असतो. कोपरे मुडपलेलं, कण्यावर रेघा पडलेलं कॉमिक या खर्चाच्या लायकीचं नसतं. तसल्या प्रतीवर निवांत सही घ्या आणि घरी ठेवा.

नाव लिहून घेण्याबद्दल: विकायचं असेल तर नाव नको, कारण गिऱ्हाईक कमी होतं. ठेवायचं असेल तर बेलाशक घ्या. काही लेखक-चित्रकार नाव घालून सही फुकट करतात आणि नुसत्या सहीला पैसे घेतात, त्यांना पुनर्विक्रीचा राग असतो, आणि तो रास्त आहे. नाव रोमन कॅपिटल अक्षरांत चिकटचिठ्ठीवर लिहून ती *पिशवीवर* लावा, कव्हरवर नव्हे. तोंडी सांगितलेलं नाव त्या गोंगाटात हमखास चुकीचं लिहिलं जातं.

रांगेतला शेवटचा

अभिनेत्यांचा आणि कॉमिकवाल्यांचा कारभार पूर्ण वेगळा.

कॉमिकवाले आर्टिस्ट ॲलीत, म्हणजे चित्रकार-लेखकांच्या टेबलांच्या विभागात, स्वतःच्या टेबलावर असतात, पण दिवसभर नाही. त्यांचे पॅनल (मंचावरच्या चर्चा) कधी आहेत ते वेळापत्रकात आधी बघून त्या वेळा सोडून जा. सकाळचा पहिला तास उत्तम. शनिवारी गर्दी सगळ्यात जास्त, म्हणून ज्याची सही चुकवून चालणार नाही त्याला दुसऱ्या दिवशी गाठा. प्रकाशकाच्या स्टॉलवरची सही हा तिसरा प्रकार. तिथे ठरलेला तासभर आणि मोजके टोकन, टोकन संपलं की रांग बंद.

एका खेपेला किती नगांवर सही मिळेल याची मर्यादा पाटीवर असते. जास्त असतील तर पुन्हा रांगेच्या शेवटी. आणि त्या माणसाने खरंच काम केलेलंच कॉमिक पुढे करा. शाई भरणारा, रंग करणारा, अक्षरं करणारा वेगळा असतो, पहिल्या पानावरची श्रेयनामावली आदल्या रात्री वाचून ठेवा. चुकीच्या माणसापुढे चुकीचं कव्हर ठेवणं दोघांनाही अवघड जातं.

अभिनेत्यांकडे सहीचं तिकीट वेगळं, फोटो ऑपचं (त्यांच्यासोबत फोटो काढून घेण्याचं) वेगळं. एका तिकिटात दुसरं येत नाही. सहीच्या दरात बहुधा टेबलावरचा ८×१० फोटो धरलेला असतो. स्वतःची वस्तू आणली तर काही ठिकाणी तोच दर, काही ठिकाणी जास्त, आणि फंकोसारख्या वस्तूंना पुष्कळदा वेगळा. पात्राचं नाव किंवा संवाद लिहून हवा असेल तर त्याचे वेगळे पैसे असू शकतात, हे टेबलाशी बसलेल्या मदतनिसाला विचारा, अभिनेत्याला नव्हे. पेनही मदतनिसाकडेच द्या आणि "निळ्याने, इथे" एवढंच सांगा. फोटो ऑप आधीच्या वेळेला असेल तर त्याच प्रिंटवर नंतर सही घेता येते. दोन्ही तिकिटं घेणारच असाल तर वेळा तशा निवडा. मध्ये निदान दोन तास सोडा, फोटो ऑप वेळेवर सुरू होतच नाहीत.

शंकासूर

भरपूर मिळालं, धन्यवाद! दोन शंका उरल्या. अभिनेत्यांचे फोटो घरच्या इंकजेटवर छापलेत, चालतील? आणि कोऱ्या स्केच कव्हरबद्दल कोणीच बोललं नाही.

चौकटीबाहेर

इंकजेटच्या फोटो कागदावरचा लेप शाई शोषण्यासाठीच असतो. शार्पी त्यावर पसरतो आणि पेंट पेनचं टोक अडखळतं. लॅबमधून छापून आणा. वेळ नसेल तर निदान एक जास्तीची प्रिंट काढून त्याच पेनाने कोपऱ्यात रेघ ओढून बघा. आणि फोटो निवडताना चेहऱ्याशेजारी मोकळा, सपाट भाग असलेला निवडा, नाहीतर सही गालावर येते.

स्केच कव्हर बिनलेपाच्या कागदाचं असतं, तिथे शार्पी नकोच. रेघ टीपकागदावर टाकल्यासारखी फुटते. पिगमा मायक्रॉनसारखं पिगमेंट शाईचं पेन द्या, ०८ क्रमांकाचं. चित्रकार कॉपिकसारखे अल्कोहोल मार्कर वापरणार असेल तर रंग कव्हरच्या मागे उतरतो, पहिल्या पानालाही लागतो. म्हणून कव्हर उघडून त्याच्या आणि पहिल्या पानाच्या मध्ये बॅकिंग बोर्ड सरकवून मगच कॉमिक द्या.

चित्रकाराकडची स्केचची यादी पहिल्या दिवशी सकाळीच भरते, म्हणून दार उघडल्यावर आधी तिकडे. पिशवीवर चिठ्ठी लावा: पात्राचं नाव, नुसतं डोकं की पूर्ण आकृती, नाव घालायचं की नाही, तुमचा फोन. पात्र फारसं ओळखीचं नसेल तर संदर्भचित्र छापून आत ठेवा, तिथे नेटवर्क मिळेलच असं नाही. घेताना चित्राखाली सही आहे ना ते तिथेच बघा, घाईत राहून जाते.

पिवळं लेबल

शेवटी एक जोडतो. स्वतः न घेतलेली, विकत घ्यायची सही दिसली तर विक्रेत्याच्या प्रमाणपत्रावर जाऊ नका, ते त्याने स्वतःच छापलेलं असू शकतं. पीएसए, जेएसए, बेकेट या सह्या पडताळणाऱ्या कंपन्यांच्या स्टिकरवरचा क्रमांक त्यांच्या संकेतस्थळावर टाकून त्याच वस्तूची नोंद निघते का ते बघा. आणि छपाईची तारीख वाचा. मार्व्हलचे लेखक स्टॅन ली १२ नोव्हेंबर २०१८ ला गेले, त्यानंतर छापलेल्या फॅक्सिमिली आवृत्तीवर (जुन्या अंकाच्या हुबेहूब नव्या छपाईवर) त्यांची शाईची सही असूच शकत नाही. कव्हरच्या चित्रातच असलेली चित्रकाराची सही ही छापील असते. भिंगाखाली तिच्यात रंगाचे ठिपके दिसतात, शाईची सलग रेघ दिसत नाही.

शाईचा डाग

सही झालेला फोटो फ्रेम करणार असाल तर अतिनील किरण अडवणारी काच घ्या आणि उन्हासमोरची भिंत सोडा. काळा शार्पी उजेडात आधी तपकिरी-जांभळा पडतो, मग फिका. काच सहीला चिकटू नये म्हणून मध्ये माउंटची (पुठ्ठ्याच्या चौकटीची) कडा ठेवायला सांगा फ्रेमवाल्याला.