दुसरीतली लेक : वजाबाकीत एकक बरोबर, दशक चूक. असं का?

रातपाळी :
लेक दुसरीत आहे. गणित तिला आवडतं, म्हणजे गेल्या महिन्यापर्यंत आवडायचं. दोन अंकी वजाबाकी सुरू झाली आणि गाडी अडली. ५८ - २३ सारखी बिनहातच्याची झटक्यात करते, हातचा आला की चुकते. वहीतली चार गणितं जशीच्या तशी देतो :

५२ - २७ = १५
६३ - २८ = २५
४१ - १६ = १५
८४ - ३९ = ३५

धांदरटपणा म्हणावा, तर एककाचा आकडा दर वेळी बरोबर येतो. शाळेत दहा-दहा काड्यांच्या जुड्या सुट्या करून शिकवतात. मला ते फार वेळखाऊ वाटलं, म्हणून आम्ही लहानपणी करायचो ती रीत एका रविवारी तिला दाखवली. कळलं म्हणाली. चुका मात्र चालूच. आता वही काढली की ही पाणी प्यायला जाते, मग पेन्सिलला टोक, मग परत पाणी. माझा आवाज चढतो, ती रडते, बायको दोघांना दोन खोल्यांत पाठवते.

आणखी एक. वाचताना अंदाजाने ठोकून देते. परवा ‘पाऊल’चं ‘पाऊस’ केलं, कारण चित्रात ढग होते. माझ्याकडे संध्याकाळचा अर्धा तास असतो, मग मी कामावर जातो. तेवढ्यात काय करता येईल?

ताडमाड :
रोज वीस गणितं घाला. हात बसला की आपोआप जमतं. आमचं असंच झालं.

खडूवाल्या बाई :
ताडमाड, चुकीच्या रीतीने रोज वीस गणितं केली तर चुकीचीच रीत पक्की होईल. सव्वीस वर्षं पहिली-दुसरी शिकवली आहे, अशा भरलेल्या वह्या खूप पाहिल्या.

रातपाळी, तुमच्या लेकीची उत्तरं परत बघा. हवी होती २५, ३५, २५, ४५. चारही ठिकाणी नेमके दहा कमी आहेत. धांदरटपणात इतकी शिस्त नसते. एक विचारते, तुम्ही रविवारी दाखवलेल्या रीतीत खालच्या दशकात एक मिळवायचा होता का?

रातपाळी :
हो! वर दोनाचे बारा करायचे, त्याबद्दल खाली दोनाचे तीन. पाचातून तीन गेले, दोन उरले. २५.

खडूवाल्या बाई :
मग सापडलं. शाळेत जुडी सोडायला शिकवतात. ५२ म्हणजे पाच जुड्या आणि दोन सुट्या काड्या. दोनातून सात जात नाहीत, म्हणून एक जुडी सोडली. आता चार जुड्या, बारा सुट्या. बारातून सात गेले पाच, चारातून दोन गेले दोन. म्हणून पाच खोडून वर चार लिहायचे.

तुमच्या रीतीत वरच्या पाचाला हात लावायचा नाही, खाली एक वाढवायचा. तीही बरोबरच आहे. वरच्या संख्येत दहा सुटे मिळवले, खालच्या संख्येत एक दशक मिळवला, म्हणजे दोन्हीकडे दहाच वाढले. ५२ - २७ काय आणि ६२ - ३७ काय, फरक तोच. दोन बहिणींची वयं वाढली तरी अंतर तेवढंच राहतं ना, तसं.

तुमची लेक दोन्ही करतेय. वर पाचाचे चार, खाली दोनाचे तीन. चारातून तीन गेले एक. झाले १५. तिने एकच दशक दोनदा फेडला! वहीत वरचा पाच खोडलाय आणि खालीही बारीक एक लिहिलाय का, बघून सांगा.

रातपाळी :
आत्ता वही उघडली. दोन्ही आहेत. खालचा एक इतका बारीक लिहिलाय की मी तो डाग समजत होतो.

खडूवाल्या बाई :
आता तुमची रीत काही दिवस बाजूला ठेवा. ती वाईट म्हणून नव्हे, पण आज ती का चालते हे तिला दिसत नाही, आणि जुडी सोडलेली डोळ्यांना दिसते. वेळखाऊ वाटतं ते तुम्हाला, कारण तुम्हाला उत्तर आधीच येतं. दहा-दहा काड्यांना रबर लावा, ५२ मांडायला सांगा आणि त्यातून २७ मागा. रबर तिलाच काढू द्या. दोन-तीन गणितं पुरेत. मग काड्या मांडून शेजारी वहीत लिहायचं, आणि एक दिवस ती स्वतःच काड्या नकोत म्हणेल.

आणि ‘हे चूक आहे’ म्हणण्याआधी ‘कसं केलंस, सांग’ म्हणा. बरोबर उत्तरालाही हेच विचारा, नाहीतर बाबांनी ‘कसं’ विचारलं म्हणजे चुकलंच असं मुलं लगेच ओळखतात.

जाता जाता, गणित तोंडी घालत असाल तर लिहिलेली संख्या एकदा बघा. आपल्या मराठीत ‘पंचवीस’मध्ये पाच आधी ऐकू येतो आणि वीस नंतर, म्हणून ५२ लिहिणारी मुलं असतात. (जर्मन मुलांनाही हाच ताप आहे, तिथेही आधी एकक बोलतात.) ‘एकोणतीस’ तर विचारूच नका. त्यात तीस ऐकू येतो, म्हणून ३९. अशा वेळी वजाबाकी बरोबर असते, संख्याच दुसरी उतरलेली असते.

दोघांचीआई :
वाचनाचं मी सांगते. माझा धाकटा असाच ‘पाऊस’वाला होता. मी काय करायचे, तो अडला की लगेच शब्द पुरवायचे. मग त्याने अडणंच सोडलं, माझ्या तोंडाकडे बघायला लागला. आता मनात पाचपर्यंत मोजते आणि गप्प बसते. बऱ्याचदा तीनलाच तो स्वतः मागे जाऊन दुरुस्त करतो. नाहीच केलं तर शेवटच्या अक्षरावर बोट ठेवते, ‘हे काय आहे?’ एवढंच. चित्र झाकू नका हं, त्यातून गोष्ट कळते. फक्त अक्षराकडे परत आणायचं.

मी वाचून दाखवणंही बंद केलेलं नाही. त्याला स्वतःला वाचता येतं त्यापेक्षा कितीतरी अवघड गोष्ट तो ऐकून समजतो. आणि हो, वही आणि पुस्तक एकाच अर्ध्या तासात कोंबू नका. आमच्याकडे ते केलं की दोन्ही बुडायचं.

रातपाळी :
चार दिवसांनी लिहितोय. त्याच रात्री वही पुढे ठेवून विचारलं, कसं केलंस. बाईसाहेब शांतपणे म्हणाल्या, “वर मॅडमचं करायचं आणि खाली तुझं.” दोघांपैकी कोणी रागावू नये म्हणून! मला हसावं की तोंड लपवावं कळेना.

काड्या आणल्या. पहिल्या जुडीचं रबर तुटलं, काड्या सोफ्याखाली गेल्या, त्या शोधण्यात पंधरा मिनिटं गेली. पण ५२ मधून २७ दिल्यावर उरलेल्या तिने दोनदा मोजल्या आणि स्वतःच वहीतले १५ खोडले. काल ६३ - २८ काड्यांशिवाय केलं, ३५. वरचा सहा खोडला, खाली काही नाही. शाळेतल्या बाईंनाही निरोप पाठवलाय की घोळ माझ्यामुळे झाला होता.

आज मात्र तिने विचारलं, “बाबा, तुझा खालचा एक येतो कुठून?” वयांचं सांगून बघितलं, पटलं नाही. बाई, हे काड्यांनी दाखवता येतं का?

खडूवाल्या बाई :
येतं. ५२ आणि २७ अशा दोन रांगा शेजारी मांडा. वरच्या रांगेत दहा सुट्या टाका, खालच्या रांगेत एक जुडी. टाकण्याआधी तिला विचारा, फरक बदलेल का? ती काय म्हणते ते इथे लिहा.