मेडिकल-नर्सिंगच्या मुलांना मानसिक आरोग्य शिकवायचं, ते नक्की कुणाचं?

लष्करवाली (धागाकर्ती)
१० ऑक्टोबर आला की आमच्या कॉलेजात रांगोळी, पोस्टर स्पर्धा, पाहुण्या डॉक्टरांचं भाषण आणि समोसे, असा मानसिक आरोग्य दिन साजरा होतो. मी ग्वाल्हेरला नर्सिंगच्या मुलींना शिकवते. (कॉलेजचं नाव विचारू नका, नोकरी प्यारी आहे.)

माझं म्हणणं सरळ मांडते. आरोग्यसेवेत येणाऱ्या प्रत्येकाला, एमबीबीएसपासून लॅब टेक्निशियनपर्यंत, मानसिक आरोग्य हा सक्तीचा आणि पास व्हावाच लागेल असा विषय हवा. नर्सिंगला तो आहेच. जीएनएमला (नर्सिंगचा डिप्लोमा) दुसऱ्या वर्षी, बीएस्सीला २०२१च्या नव्या अभ्यासक्रमात पाचव्या-सहाव्या सेमिस्टरला, शिवाय मनोरुग्णालयात पोस्टिंग. मानसिक आरोग्यशाळा आपल्या गावातच असल्याने त्यासाठी लांब जावं लागत नाही. एमबीबीएसला मात्र मानसोपचाराचा स्वतंत्र पेपर नाही. मेडिसिनच्या पेपरात चार प्रश्न येतात, ते सोडले तरी मुलं पास होतात. इंटर्नशिपला दोन आठवडे, तेही बहुतेकांचे पीजी एन्ट्रन्सच्या अभ्यासात जातात.

पुढे हेच डॉक्टर प्राथमिक आरोग्य केंद्रात बसतात आणि छातीत धडधडतं म्हणून पुन्हा पुन्हा येणाऱ्या बाईचा दर वेळी ईसीजी काढून तिला घरी पाठवतात. निम्हान्स या बंगळुरूच्या मानसिक आरोग्य संस्थेच्या २०१५-१६च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात मध्य प्रदेशही होता. आजारानुसार ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचार पोचतच नाहीत, असं त्यात दिसलं. ते पोचवायचे कुणी?

रात्रपाळी
ताई, पेपर वाढवा, हरकत नाही. माझ्या झोपेचं काय ते सांगा.

मी रेसिडेंट आहे, म्हणजे पीजी करता करता वॉर्ड सांभाळणारा डॉक्टर. एनएमसीच्या (राष्ट्रीय वैद्यकीय आयोग) टास्क फोर्सचा मेडिकलच्या विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यावरचा २०२४चा अहवाल वाचलात का? त्यांच्या सर्वेक्षणात यूजीच्या (म्हणजे एमबीबीएसच्या) १६.२ टक्के मुलांनी आत्महत्येचे विचार येऊन गेल्याचं सांगितलं. पीजीच्या ३१.२ टक्के. म्हणजे जो जास्त शिकला त्याचं प्रमाण जवळपास दुप्पट! ज्ञान कमी पडल्यामुळे हे झालं म्हणायचं का? १९९२च्या केंद्राच्या रेसिडेन्सी योजनेत सलग १२ तास आणि आठवड्याला ४८ तास ड्यूटी लिहिली आहे. टास्क फोर्सने ७४ची शिफारस केली, आणि आम्ही त्यावरही खूष, कारण आमचे ७४ गुरुवारीच भरतात. अशा माणसाला 'ताणाचे व्यवस्थापन' या विषयावर दुपारी दोनचं लेक्चर ठेवता. मी त्या लेक्चरला आवर्जून जातो. मागच्या बाकावर छान झोप लागते.

दादासाहेब कंपूकर
मी १९७०च्या दशकात इथल्या गजराराजा मेडिकल कॉलेजातून बाहेर पडलो. जयारोग्य या त्याच्याच रुग्णालयाच्या वॉर्डात रात्र-रात्र उभा राहिलो. सिनियर चारचौघांत झापायचा, नंतर तोच कँटीनला नेऊन चहा पाजायचा. तेच आमचं काउन्सेलिंग. हल्लीच्या मुलांना इंटर्नलमध्ये दोन मार्क कमी पडले की डिप्रेशन. आणि ते सर्वेक्षण ऑनलाइन होतं ना? ज्याला त्रास आहे तोच असले फॉर्म भरतो. त्या टक्केवारीवर धोरणं आखू नयेत.

रात्रपाळी
काका, टक्केवारीबद्दल तुमचा मुद्दा रास्त आहे, तो मी घेतो. पण तुमच्या बॅचमधला जो मधेच गाशा गुंडाळून घरी गेला, तो तुमच्या आठवणींच्या हिशेबात कुठे येतो?

फायनल_इयरवाली
मी हा विषय पास झालेली मुलगी आहे, म्हणून आतलं सांगते.

आम्हाला पोस्टिंगमध्ये 'प्रोसेस रेकॉर्डिंग' लिहावं लागतं. रुग्णाशी बोलायचं आणि ते शब्दशः तक्त्यात उतरवायचं: तो काय म्हणाला, मी काय म्हणाले, मी कोणतं तंत्र वापरलं, मला काय वाटलं. कल्पना फार सुंदर आहे. प्रत्यक्षात सिनियरची फाइल फिरते. त्यातला रुग्ण बॅच बदलली तरी तीच वाक्यं बोलतो, त्याची बहीण दर वर्षी त्याला भेटायला येत नाही, आणि 'मला काय वाटलं' या रकान्यात सगळ्यांना सहानुभूतीच वाटते. मला खरं तर भीती वाटली होती. लक्ष तपासायला एका आजोबांना मी शंभरातून सात-सात वजा करायला सांगितलं. ते ८६पर्यंत आले, थांबले आणि म्हणाले, "बेटी, तू करके दिखा." मला पटकन जमेना. हे लिहिलं असतं तर मार्क गेले असते, म्हणून फाइलमध्ये लिहिलं, 'रुग्णाने सहकार्य केले.'

तेव्हा मॅडम, सक्तीचा विषय म्हणजे सक्तीची कॉपी. माफ करा.

मुरारचा_मुकुंद
तुम्ही सगळे कॉलेज चालतं असं धरून बोलताय. आपल्या मध्य प्रदेशात नर्सिंग कॉलेजांची सीबीआय चौकशी हायकोर्टाला लावावी लागली. इमारत नाही, शिक्षक कागदावर, परीक्षा वर्षानुवर्षं लटकलेल्या. माझी भाची त्यात अडकली होती. पहिल्या वर्षाची परीक्षा कधी होणार हेच ठाऊक नसलेल्या मुलीला मनःस्वास्थ्याचा पेपर देणार का? तिचं मन वेळापत्रक लागल्यावर ठिकाणावर आलं.

नावात_काय
आणि काउन्सेलर? सुप्रीम कोर्टाने जुलै २०२५मध्ये सांगितलं की १०० किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेत निदान एक पात्र समुपदेशक हवाच. आमच्याकडे समुपदेशकाची पाटी लागली, आत आमच्याच मॅडम बसतात ज्या इंटर्नलचे मार्क देतात. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यात कलम २३ गोपनीयतेचं आहे, हे त्यांनीच वर्गात शिकवलं. त्यांच्या खोलीच्या दारावर मी अजून टकटक केलेली नाही. करणारही नाही.

लष्करवाली
एकेकाला उत्तर देते.

इथे दोन गोष्टींची खिचडी झाली आहे. रुग्णाचं मन ओळखायला शिकणं हा विषय आहे. विद्यार्थ्याचं स्वतःचं मन सांभाळणं हा विषय नाही, ती संस्थेची जबाबदारी आहे, आणि तिला पेपरचं रूप देणं ही पळवाट आहे. झोपेबद्दल रात्रपाळीशी माझं भांडणच नाही. पण तुमची ड्यूटी ४८ तासांची झाली तरी त्या धडधडवाल्या बाईला काय विचारायचं, हे आपोआप येणार नाही. ते शिकावंच लागतं.

कॉपीचं खरं आहे, फायली मीच तपासते. म्हणून लेखी नकोच. ओस्की घ्या: समोर रुग्णाचं काम करणारा माणूस, सात-आठ मिनिटं, आणि बाहेरचा परीक्षक नुसता पाहतो की मुलीने आत्महत्येच्या विचारांबद्दल स्पष्ट विचारलं की विषय बदलला. विचारल्याने तो विचार डोक्यात घातला जातो हा समज डॉक्टरांमध्येही आहे. तो खोटा आहे. पण तोंडाने प्रश्न विचारून पाहिल्याशिवाय जीभ रेटत नाही.

नावात_काय, समुपदेशक बाहेरचाच हवा, मार्कांशी संबंध नसलेला. तोवर टेलिमानस ही सरकारी हेल्पलाइन, १४४१६. रात्रीही लागतो, मराठीतही बोलतात, आणि कॉलेजला पत्ता लागत नाही.

मुकुंदराव, तुमच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही.

दादासाहेब कंपूकर
ओस्कीला रुग्ण बनायला माणूस लागत असेल तर मी रिकामाच आहे. समुपदेशनाबद्दलचं मत तेच राहील.

रात्रपाळी
काका, जरूर या. पण ताई, तुमच्या ओस्कीत रुग्णाला आठ मिनिटं. माझ्या ओपीडीत दोन, त्यातलं निम्मं पर्ची लिहिण्यात. आठ मिनिटांत पास झालेली मुलगी तिथे बसली की पहिल्या आठवड्यात तोच ईसीजी लिहायला लागेल. आधी बाहेरची रांग कमी करा, मग माझी परीक्षा घ्या. आणि ती रविवारी ठेवू नका.