‘फुएरा दे कोम्पास’ आणि ‘क्रुसादो’: दोन्हींना ‘बेताल’ चालेल का?

लेखणीटाक: जेरी गोन्झालेस यांच्यावरच्या टिपणाचं भाषांतर करते आहे. जन्म १९४९, न्यूयॉर्क. ट्रम्पेट आणि कोंगा (हाताने वाजवायचा उभा क्यूबन ढोल) दोन्हींवर हुकमत. जॅझमध्ये फोर्ट अपाची बँड, मग २००० मध्ये माद्रिदला मुक्काम आणि तिथल्या फ्लामेंको (दक्षिण स्पेनचं पारंपरिक गाणं-नाच-गिटार) मंडळींबरोबर ‘लॉस पिरातास देल फ्लामेंको’ हा अल्बम. अडलंय दोन शब्दांवर. चुकणाऱ्याला फ्लामेंकोवाले ‘फुएरा दे कोम्पास’ म्हणतात, म्हणजे कोम्पासच्या, मात्रांच्या ठरलेल्या आवर्तनाच्या, बाहेर. क्यूबन रुंबावाले (रुंबा म्हणजे तिथलं ढोलांवरचं गाणं-नाच) ‘क्रुसादो’ म्हणतात, म्हणजे आडवा गेलेला. मी दोन्हीकडे ‘बेताल’ लिहिलं. संपादक म्हणतात, बेताल बडबड असते, ‘ठेका चुकला’ लिहा. पण गाणं बेसूर-बेताल असतंच की!

बारामात्रा: ‘बेताल’ मराठीत चोख आहे, पण इथे दोन वेगळ्या चुका एका शब्दात कोंबल्या जातात.

बुलेरिया हा फ्लामेंकोचा एक प्रकार घ्या. १२ मात्रा, वजन १२, ३, ६, ८, १० वर. मोजणी १२ पासून, वाक्य मिटतं १० वर. नवखा घसरतो तो सहानंतर. दोनदा तीन-तीन मोजल्यावर हात तिसऱ्यांदाही तीनच मोजतो आणि टाळी ८ ऐवजी ९ वर पडते. तिथून आवर्तन हातातून गेलं. हा कोम्पासबाहेर.

क्रुसादोमध्ये मात्रा एकही चुकत नाही. क्लावे म्हणजे रुंबाला बांधून ठेवणारा पाच आघातांचा साचा. त्याचे दोन भाग असतात, एकात तीन आघात, दुसऱ्यात दोन. १६ बारीक मात्रांत रुंबा क्लावेचे आघात १, ४, ८, ११, १३ वर (‘सोन’ या दुसऱ्या क्यूबन प्रकारात तिसरा आघात ७ वर, बाकी तेच). गाण्याची चाल दोनच्या बाजूने सुरू होणारी असेल आणि कोंगावाल्याने तीनची बाजू पुढे घेतली, तर मोजून काहीच सापडत नाही, तरी सगळं एकमेकांना घासत राहतं. याला बेताल कसं म्हणणार? ताल शाबूत आहे.

धाधिंना: ‘ठेका’ही नको. ठेका म्हणजे ठरलेले बोल. कोम्पास मुक्या टाळ्यांनी धरा, खणखणीत टाळ्यांनी धरा, नुसत्या गिटारवर धरा, कोम्पास तोच. ‘ताल’ जवळचा, कारण खंड आहेत. आपल्या एकतालात दोन-दोनचे सहा, बुलेरियात ३+३+२+२+२. म्हणून ‘ताल सुटला’ लिहा.

बारामात्रा: मग सम कुठे? १२ वर म्हणाल तर वाक्य १० वर का मिटतं?

धाधिंना: ‘अनागत’ म्हणा. समेआधी येऊन थांबणं.

बारामात्रा: अनागत ही मुद्दाम केलेली गंमत असते. इथे १० वर मिटणं हा नेम आहे. सम हा शब्द आणला की वाचक तिहाई, म्हणजे तीनदा वाजवून समेवर येणारा तुकडा, शोधायला लागेल.

शब्दवेल्हाळ: परके शब्द जसेच्या तसे कशाला? कोम्पासला ‘आवर्तन’ आणि क्लावेला सरळ ‘चावी’. आपली चावी पोर्तुगीज ‘शावे’वरून आली आणि शावे व क्लावे दोन्हींचं मूळ एकच, लॅटिन ‘क्लाविस’. म्हणजे शब्द घरचाच आहे. कोम्पास तर दप्तरातल्या कंपासपेटीत बसलेला आहे. स्पॅनिशमध्ये वर्तुळ काढायच्या कंपासलाही कोम्पासच म्हणतात.

धाधिंना: व्युत्पत्ती मान्य, वापर अमान्य. ‘चावी उलटी पडली’ वाचून माणूस कुलूप बघेल. क्लावे राहू द्या. तो साचा ज्यावर वाजवतात त्या क्लावे नावाच्याच वाद्याला मात्र ‘टिपऱ्या’ म्हणा. काहीजण ‘चिपळ्या’ लिहितात, ते चूक. चिपळ्यांना झांजा असतात, या नुसत्या भरीव लाकडी कांड्या. खालची कांडी घट्ट धरायची नाही. तळव्याची वाटी करून बोटांवर टेकवायची, वाटीतली हवा घुमते. मूठ आवळली की आवाज ठप्प.

बारामात्रा: कोलुम्बिया या रुंबाप्रकाराबद्दलही सांगायला हवं, कारण गोन्झालेस यांच्यासारख्या वादकाची खरी कसोटी तिथेच. त्यातल्या क्लावेच्याही १२ मात्रा आणि पाचच आघात: १, ३, ६, ८, १०. बुलेरियाचे १२, ३, ६, ८, १०. कोलुम्बियाची १ फ्लामेंकोच्या १ वर ठेवली तर चार आघात तंतोतंत जुळतात. पण क्यूबन पाय पडतो १, ४, ७, १० वर, त्यातली फक्त १० बुलेरियाच्या वजनावर येते. आणि कोलुम्बियाची १ फ्लामेंकोच्या १२ वर ठेवली, तर पहिला आघात सोडून एकही जुळत नाही. दोन परंपरा ऐकायला इतक्या जवळच्या वाटतात आणि एका मात्रेच्या फरकाने पार तुटतात. ‘फ्यूजन’साठी सर्रास ‘मिलाफ’ लिहितात, त्याने हे काम दिसत नाही.

शब्दवेल्हाळ: ‘मिलाफ’ नको तर काय, ‘भेसळ’?

लेखणीटाक: टिपणात पुढे ‘इदा इ वुएल्ता’ आहे. जाणं आणि परत येणं. अमेरिकेत जाऊन फिरून स्पेनला आलेले गानप्रकार, ग्वाहिरा, रुंबा वगैरे. त्याला ‘ये-जा गाणी’?

धाधिंना: ‘ये-जा’ रोजची असते, लोकलमधली. ही एकदा गेलेली आणि बदलून परतलेली. ‘परतीची गाणी’ बघा.

बारामात्रा: ‘परतीची’मध्ये जाणं गळतं. शिवाय सगळं स्पेनमधूनच गेलं होतं असं नाही. कहॉन हा हाताने वाजवायचा लाकडी खोका पेरूचा, फ्लामेंको गिटारवादक पाको दे लुसिया यांच्या संचातून १९७० च्या दशकाच्या अखेरीला फ्लामेंकोत आला. तो परतला नाही, नव्यानेच आला.

शब्दवेल्हाळ: मराठी माणूस आधी ‘ये’ म्हणतो, मग ‘जा’. ‘जा-ये’ कानाला खटकतं, पण इथे क्रम तोच हवा. आणि कहॉन नको, ‘खोका’ लिहा.

धाधिंना: साध्या खोक्याला कहॉनसारखं मागे भोक असतं का? ‘पेटी’ म्हणावं, तर ती हार्मोनियम.