मदत हवी आहे: सरकीच्या एक्स्पेलरवर (दाबून तेल काढायच्या मशिनीवर) सोयाबीन गाळता येईल का?

राम राम मंडळी. आम्ही जामनेर तालुक्यातले काही शेतकरी. गावातली सरकीची जुनी तेल गिरणी भाड्याने मिळतेय, म्हणून विचारतो.

सोयाबीनमध्ये तेल जेमतेम १८ ते २० टक्के. त्यातलंही एक्स्पेलरने सगळं निघत नाही, पेंडीत ६-७ टक्के राहतंच. मोठे सॉल्व्हंट प्लांट हेक्झेन (तेल विरघळवून काढणारं रसायन) वापरून पेंडीत टक्काभरच ठेवतात, तेलात त्यांच्याशी बरोबरी होणार नाही. म्हणजे खरा धंदा पेंडीचाच, असं माझं मत. तेल म्हणजे वरकड.

आता अडचण. कोंबड्यांच्या खाद्यासाठी पेंड नीट तापलेली लागते, नाहीतर दाण्यातला ट्रिप्सिन रोखणारा घटक तसाच राहतो आणि पक्षी वाढत नाहीत. सरकीच्या मशिनीला कुकर जोडून हे जमतं का? कोणी केलंय? नवापूरकडचे पोल्ट्रीवाले जास्त तेलाची पेंड घेतात का, की डीओसीच (सॉल्व्हंट प्लांटची तेल काढलेली पेंड) मागतात? कच्च्या तेलात गोंद फार असतो, तो काढायची सोय छोट्या प्रमाणात परवडते का?

भावाचंही सांगा. मे २०२५ अखेर कच्च्या खाद्यतेलावरचं मूळ आयात शुल्क २० वरून १० टक्के झालं. अर्जेंटिना-ब्राझीलचं तेल स्वस्त उतरलं की आपलं कोण घेणार? एनसीडीईएक्सवर (शेतमालाच्या वायदेबाजारात) सोयाबीनचे वायदे डिसेंबर २०२१ मध्ये बंद केले, मग तुम्ही पुढचा अंदाज कशावर बांधता, शिकागोच्या वायदेबाजारावर?

मशीन विकणाऱ्यांनी कृपया मेसेज करू नये, गिरणी चालवलेल्यांनीच बोलावं.