सकाळी न दिसणारे दुखणे : मायस्थेनिया ग्रॅव्हिस झालेल्यांचे अनुभव

माझ्या आजाराचे निदान होण्यास चौदा महिने लागले. त्या काळात मी नेत्रतज्ज्ञ, कान-नाक-घसा तज्ज्ञ आणि दोन फिजिशियन यांना दाखवले, आणि प्रत्येक वेळी सकाळचा पहिला नंबर मिळावा म्हणून धडपडले, कारण दुपारनंतर मला दवाखान्याचा जिना चढणे जमत नसे. निदान लांबण्यास माझी ही धडपडच कारणीभूत होती, हे फार उशिरा उमगले. मायस्थेनिया ग्रॅव्हिसमध्ये स्नायू विश्रांतीनंतर ताजे असतात आणि वापरागणिक थकत जातात. त्यामुळे सकाळी साडेनऊला डॉक्टरांसमोर बसलेली मी ठणठणीत दिसत असे; डावी पापणी बुबुळावर उतरलेली आणि समोरचा एक दिवा दोन ठिकाणी पाहणारी संध्याकाळची मी त्यांच्या दृष्टीस कधी पडलीच नाही. चष्म्याचा नंबर मात्र या अवधीत दोनदा बदलून झाला.

मज्जातंतूच्या टोकाशी ॲसिटिलकोलीन हे रसायन सुटते, ते स्नायूवरील रिसेप्टरना, म्हणजे निरोप झेलणाऱ्या प्रथिनांना, जाऊन भिडते आणि स्नायू आकुंचन पावतो. या आजारात शरीरानेच तयार केलेली प्रतिपिंडे त्या रिसेप्टरवर हल्ला करतात. निरोप निघतो, पण पुरता पोहोचत नाही. पुन्हा पुन्हा विजेची उत्तेजना दिली की रुग्णाच्या स्नायूचा प्रतिसाद उतरत जातो, हे १८९५ साली बर्लिनच्या फ्रीड्रिख योली यांनी दाखवले आणि आजाराला आजचे नावही त्यांनीच दिले. आपल्याकडे हे नाव लोकांच्या कानावर गेले ते १९८० च्या दशकात अमिताभ बच्चन यांना हा आजार झाला तेव्हा. माझ्या नातेवाइकांनी त्याचा सोयीस्कर अर्थ काढला : ते अजून काम करतात, मग तुला एवढे काय झाले?

अखेर भाचीने दिवेलागणीला सहज काढलेला माझा एक फोटो न्यूरॉलॉजिस्टांनी पाहिला. त्यांनी मला छताकडे एकटक पाहायला सांगितले. मिनिटभरात पापणी खाली आली. मग हातमोज्यात बर्फ भरून तो त्यांनी दोन मिनिटे पापणीवर धरला आणि पापणी उघडली; गारव्याने या आजारातला अशक्तपणा थोडा वेळ कमी होतो. रिसेप्टरविरुद्धची प्रतिपिंडे शोधणाऱ्या रक्ततपासणीने शिक्कामोर्तब नंतर झाले, पण मला ते त्या हातमोज्यानेच पटले होते.

आपले निदान कसे झाले, तोवर काय काय ऐकून घ्यावे लागले आणि उपचारांचा अनुभव काय आहे, हे या आजाराच्या इतर रुग्णांनी या ऑनलाइन धाग्यात कृपया सविस्तर लिहावे. औषधांच्या मात्रेविषयी मात्र एकमेकांना सल्ला देऊ नये, ही विनंती.

सांगलीहून, एक शिक्षिका

माझी सुरुवात आवाजापासून झाली. पहिल्या तासाला खणखणीत असणारा आवाज चौथ्या तासापर्यंत नाकातून येऊ लागे, आणि शुद्धलेखन सांगताना ‘प’ आणि ‘म’ यांतला फरक मुलांना कळेनासा होई. जेवताना अर्ध्या भाकरीनंतर जबडा इतका दमायचा, की मी हनुवटी हाताने वर ढकलून घास चावत असे. पुढे पाणी पिताना ते नाकातून येऊ लागले. लग्न होऊन सहा वर्षे झाली होती आणि मूल नव्हते, म्हणून ‘मनाला लावून घेतले आहे’ असे घरच्यांनी ठरवले. मानसोपचारतज्ज्ञांनी दिलेल्या गोळ्या मी आठ महिने घेतल्या. त्या डॉक्टरांना मी दोष देत नाही, कारण तोपर्यंत मलाही तसेच वाटू लागले होते. दिराच्या लग्नातल्या फोटोंत मी हसत असूनही दात विचकल्यासारखी दिसते. ओठांच्या कडा वर उचलण्याचे बळच उरले नव्हते. ‘वहिनी लग्नात नाराज होत्या’ ही चर्चा पुढे वर्षभर पुरली.

धाग्याच्या सुरुवातीला ज्या रक्ततपासणीचा उल्लेख आहे, ती माझ्या बाबतीत नकारात्मक आली. पुन्हा पुन्हा विजेची उत्तेजना देऊन स्नायूचा प्रतिसाद मोजणारी आरएनएस चाचणी हाताच्या स्नायूवर केली, तीही सामान्य आली आणि फाइलवर पुन्हा ‘चिंता’ असा शेरा पडला. दुसऱ्या शहरातील तज्ज्ञांनी तीच चाचणी चेहऱ्याच्या स्नायूवर केली, तेव्हा आलेख उतरताना मी स्वतः पाहिला. मग ‘मस्क’ नावाच्या प्रथिनाविरुद्धची प्रतिपिंडे तपासली, ती सापडली. ही प्रतिपिंडे २००१ साली प्रथम ओळखली गेली. आमच्या प्रकारात तोंड, घसा आणि मान यांवर अधिक भार येतो. स्नायूला मिळणारा निरोप बळकट करणाऱ्या, या आजारातल्या नेहमीच्या पायरिडोस्टिग्मिनच्या गोळीने मला गुण येण्याऐवजी अंगभर स्नायू फडफडू लागले. प्रतिपिंडे बनवणाऱ्या पेशी कमी करणाऱ्या रिटुक्सिमॅब या औषधानंतर मी पुन्हा सलग पाच तास शिकवू लागले आहे. एक तपासणी नकारात्मक आली म्हणून कोणी माघारी फिरू नये, एवढ्यासाठी हे लिहिले.

अकोल्याहून, वडिलांच्या वतीने मुलगा

हा तरुण स्त्रियांचा आजार आहे अशी समजूत असते, परंतु साठीनंतरच्या पुरुषांतही तो बराच आढळतो. माझे वडील अडुसष्ट वर्षांचे आहेत आणि चाळीस वर्षे गावच्या भजनी मंडळात गात आले आहेत. गेल्या वर्षी हरिपाठ संपेपर्यंत त्यांची जीभ जड होऊ लागली. अर्धांगवायूचा सौम्य झटका समजून मेंदूचा एमआरआय झाला. त्यात काही निघाले नाही, तरी रक्त पातळ होण्याच्या गोळ्या सुरू राहिल्या. ‘सकाळी काकड्याला आवाज लागतो, रात्री लागत नाही’, असे ते स्वतः सांगत होते. वयामुळे असेल, असे म्हणून आम्ही ते कानाआड केले.

मे महिन्यात, पारा पंचेचाळिशीला टेकलेला असताना, त्यांना ताप आणि खोकला झाला. गावातल्या दवाखान्यात जेंटामायसिनची इंजेक्शने दिली गेली. हे प्रतिजैविक मायस्थेनियात स्नायूंचा अशक्तपणा वाढवते, हे आज मला ठाऊक आहे; त्या दिवशी आजाराचेच नाव कोणाला माहीत नव्हते, त्यामुळे देणाऱ्यांना तरी काय बोलणार? तिसऱ्या रात्री त्यांना आडवे झोपता येईना, मान छातीवर कोसळू लागली. बोटाला लावलेल्या ऑक्सिमीटरवर शहाण्णव आकडा दिसत होता, म्हणून आम्ही पहाटेपर्यंत थांबलो. ही आमची चूक होती. श्वासाचे स्नायू थकत असताना ऑक्सिजनचा आकडा अगदी शेवटपर्यंत चांगला राहू शकतो. सकाळी त्यांना व्हेंटिलेटरवर ठेवावे लागले आणि तेथे अतिदक्षता विभागातील डॉक्टरांनी प्रथमच ‘मायस्थेनिक क्रायसिस’, म्हणजे या आजारात श्वास घेण्याचेच बळ संपणे, हा शब्द उच्चारला. वजनाच्या दर किलोमागे रोज ०.४ ग्रॅम या हिशेबाने पाच दिवस इम्युनोग्लोब्युलिन (दात्यांच्या रक्तातून काढलेली प्रतिपिंडे) शिरेतून दिले गेले. दोन हंगामांचे सोयाबीनचे पैसे त्यात गेले, बाकीचे सोसायटीकडून आणि मामांकडून घेतले.

आता घरी एक नियम आहे. रोज संध्याकाळी ते दीर्घ श्वास घेऊन त्या एकाच श्वासात मोठ्याने आकडे मोजतात. चांगल्या दिवशी चाळिशी गाठतात. वीसच्या खाली आले, तर गाडी काढायची आणि थेट रुग्णालय गाठायचे, असे डॉक्टरांनी बजावले आहे. स्टेरॉइड सुरू केल्यावर पहिल्या दोन आठवड्यांत अशक्तपणा आधी वाढला. याची कल्पना आधी दिली होती, तरीही घाबरायला झालेच.

मडगावहून

माझ्या छातीच्या सीटी स्कॅनमध्ये थायमस ही छातीच्या हाडामागची, रोगप्रतिकाराशी संबंधित ग्रंथी वाढलेली आढळली, गाठ नव्हती. गाठ नसलेल्या रुग्णांनाही ही ग्रंथी काढल्याने फायदा होतो, असे २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत दिसले होते, त्या आधारावर मी शस्त्रक्रिया करून घेतली. तिचा परिणाम जाणवायला दीड वर्ष लागले. पहिल्या सहा महिन्यांत मी घरच्यांना ‘उगाच छाती चिरून घेतली’ असे रोज ऐकवत असे. पुढे गरोदरपणी प्रसूतितज्ज्ञांच्या फाइलवर आम्ही लाल शाईने ‘मॅग्नेशियम सल्फेट टाळावे’ असे लिहून घेतले, कारण या औषधाने आपले स्नायू आणखी अशक्त होतात. मुलगी जन्मली ती रडण्यात आणि दूध ओढण्यात अतिशय क्षीण होती. आईची प्रतिपिंडे वारेतून बाळात गेल्यामुळे काही बाळांना असे होते आणि ती संपली की बाळ सुधारते, असे सांगितले गेले. तीन आठवडे आम्ही तिला वाटी-चमच्याने दूध पाजले. आता ती चार वर्षांची आहे, आणि तिचा आवाज शेजाऱ्यांना विचारावा.

डोंबिवलीहून

मी थोडक्यात लिहितो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एकवीस प्रकार आहेत, त्यांत स्नायुक्षय आहे, पण आपला आजार नावाने नाही. सकाळी लोकलमध्ये मी इतरांसारखाच उभा राहतो. परतीच्या गाडीत मात्र दादरचा पूल चढल्यावर माझे पाय आणि शब्द दोन्ही अडखळतात, आणि लोक माझ्या तोंडाचा वास घेतात. पायरिडोस्टिग्मिनची गोळी चढायला अर्धा-पाऊण तास लागतो आणि ती तीन-चार तास पुरते, म्हणून मी ती गाडीच्या वेळापत्रकाला बांधली आहे. गाडी रखडली की हिशेब चुकतो. या गोळीने पोटात कळ येते, हेही येथे कोणी लिहिले नव्हते. लोकलमध्ये ती कळ काय करते, ते लिहीत नाही.

नाशिकहून

मला अद्याप निदान मिळालेले नाही. कपडे वाळत घालताना हात खांद्याच्या वर उचलेनासे होतात, वेणी दोनदा थांबून घालावी लागते आणि रात्री मालिका पाहताना एक डोळा झाकावा लागतो. थायरॉइड, बी-१२, ड-जीवनसत्त्व सर्व तपासून झाले. न्यूरॉलॉजिस्टांची वेळ मंगळवारी सकाळी दहाची मिळाली होती. वरचे अनुभव वाचून मी काल फोन करून ती संध्याकाळी साडेसहाची करून घेतली. त्या दिवशी दुपारी झोपणार नाही, आणि मुलाला रोज रात्री नऊ वाजता माझा व्हिडिओ घेण्यास सांगितले आहे. बर्फाचा प्रयोग घरी करून पाहावा का, की डॉक्टरांसमोरच होऊ द्यावा?