मदत हवी आहे: कळशीभर तांब्याचे पैसे, न ओतता अंदाज कसा काढावा?

खानापूर तालुक्यातल्या आमच्या जुन्या घराच्या माळ्यावर आज्जीची पितळी कळशी सापडली. तोंडापर्यंत तांब्याचे पैसे. दोघांनी धरूनही हलली नाही. माळ्याच्या फळ्या जुन्या आहेत, म्हणून उतरवण्याआधी वजनाचा अंदाज हवाय.

मी वरची फुलपात्रभर नाणी काढून मोजली: १६८ नाणी, ९३० ग्रॅम. तशाच दुसऱ्या कळशीत ५८ फुलपात्रं पाणी मावलं. म्हणजे साधारण ९,७०० नाणी आणि ५४ किलो. पण हा हिशोब मला पटत नाही. लहान भांड्यात कडेला पोकळी जास्त राहते, कळशीत नाणी वर्षानुवर्षं दबून बसलीत. किती टक्के वाढवून धरावं?

दुसरी अडचण, नाणी एकसारखी नाहीत. व्हिक्टोरिया राणीचा पाव आणा (म्हणजे जुना एक पैसा) साडेसहा ग्रॅमच्या आसपास, पंचम जॉर्जचा पाच ग्रॅमच्याही आत. तळाशी ढब्बू पैसे (मोठे, जाड) असतील तर वजन तेच राहून संख्या घटेल. १९४३ पासूनचे भोकाचे पैसे निघाले तर उलट, ते जेमतेम दोन ग्रॅमचे. मधला नमुना न उपसता कसा घ्यावा?

घरात मोडीत घालायची भाषा चाललीय. मला ते अजिबात नको आहे. एका नाण्यावर अजून हळदीचा पिवळा डाग आहे, आज्जीच्या बोटांचाच असणार. चिंच लावून घासायलाही मी कुणाला दिलेलं नाही.

बेळगाव-निपाणी भागात कुणी असा साठा मोजला असेल तर कृपया सांगा. रविवारी भाऊ येणार आहेत, त्याआधी कळलं तर फार बरं होईल.